आवाज मोजला, त्रास मोजायचा राहिला

रस्ता असो, रेल्वेमार्ग असो की कारखाना, प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात ध्वनीचा एक तक्ता असतो. त्यात ठिकाणाचे नाव, दिवसाची पातळी, रात्रीची पातळी आणि शेवटच्या रकान्यात नियमाने ठरवून दिलेली मर्यादा असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ही मर्यादा निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल आहे. मी ध्वनिमापनाच्या कामात आहे आणि असे पुष्कळ तक्ते मी स्वतः भरले आहेत. मोजलेला आकडा मर्यादेच्या आत आहे की बाहेर, एवढे त्यातून कळते. त्या आवाजामुळे वस्तीतल्या किती माणसांना खरोखर त्रास होतो आहे, हे मात्र कळत नाही, आणि अहवाल वाचणारा अधिकारी किंवा लिहिणारा सल्लागार तो प्रश्न सहसा विचारतही नाही. या प्रश्नाचे उत्तर काढण्याची एक रीत जगात गेल्या साठ वर्षांत तयार झाली आहे. ती आपल्याकडे फारशी वापरली जात नाही, आणि ती वापरली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

या रितीचा पाया अगदी साधा आहे. ज्या घराबाहेर आवाज मोजला किंवा गणिताने काढला, त्याच घरातल्या माणसाला त्रासाबद्दल विचारायचे, आणि अशी हजारो घरे झाली की पातळी आणि त्रास यांचा आलेख काढायचा. लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवती १९६१ मध्ये अशी मोठी पाहणी झाली. तिच्यातून ब्रिटनने विमानांच्या आवाजासाठी जो निर्देशांक बनवला, त्यात विमानाचा आवाज किती मोठा आहे याबरोबरच दिवसात किती विमाने जातात या संख्येलाही चांगलेच वजन दिलेले होते. पुढे १९७८ मध्ये थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या प्रश्नांच्या पाहण्या एका मापावर आणल्या आणि त्यांतल्या एकमेकींशी जुळणाऱ्या ११ पाहण्यांवरून एकच आलेखरेषा काढली. एखाद्या पातळीला शंभरातल्या किती जणांना ‘तीव्र त्रास’ होतो, हे त्या रेषेवरून वाचता येत होते. सगळ्यांचा सरासरी त्रास काढण्याऐवजी तीव्र त्रास असलेल्यांचे प्रमाण धरण्याचा त्याचा निर्णय पुढच्या सगळ्या कामाला पायाभूत ठरला आणि तो मला योग्यही वाटतो. धोरण ठरवताना सर्वांना थोडे थोडे काय वाटते यापेक्षा, ज्यांचे जगणे असह्य झाले आहे असे लोक किती आहेत, हे आधी समजले पाहिजे.

विचारण्याचा प्रश्नही आता आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिला आहे. गेल्या साधारण १२ महिन्यांचा विचार करता, तुम्ही इथे घरी असताना, अमुक आवाजाने तुम्हाला किती त्रास दिला, असा तो प्रश्न आहे. उत्तर दोन प्रकारे घेतात. एका प्रश्नात ‘अजिबात नाही’ पासून ‘कमालीचा’ पर्यंत पाच शब्दांतला एक निवडायचा असतो आणि दुसऱ्यात ० ते १० मधला एक अंक सांगायचा असतो. ८, ९ किंवा १० सांगणारा माणूस तीव्र त्रास असलेल्यांत मोजला जातो. वर्षभराचा आणि घरातला, या दोन्ही अटींना महत्त्व आहे. कालच्या वरातीने डोके उठलेला माणूस आणि रोज पहाटे चार वाजता मालगाडीने जागा होणारा माणूस यांची उत्तरे त्यामुळे एकमेकांत मिसळत नाहीत.

आवाजाची बाजूही अशीच नीट बांधलेली आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या ध्वनिनिर्देशात, म्हणजे आवाजाबाबत सदस्य देशांना घालून दिलेल्या कायदेशीर नियमावलीत, वर्षभराची एक सरासरी पातळी वापरतात. तिच्यात संध्याकाळी सात ते अकराच्या आवाजाला ५ डेसिबल आणि रात्री अकरा ते सकाळी सातच्या आवाजाला १० डेसिबल अधिक धरले जातात, कारण तोच आवाज त्या वेळी जास्त खुपतो. या पातळीवरून त्रासाचे प्रमाण काढण्याची सूत्रे नेदरलँड्समधील हेंक मिडेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. घराबाहेर ५५ डेसिबल असेल तर विमानांच्या आवाजाने १० टक्के, रस्त्याच्या आवाजाने ६ टक्के आणि रेल्वेच्या आवाजाने २ टक्के लोकांना तीव्र त्रास होतो, असे त्यांतून निघते. ६५ डेसिबलला हेच आकडे अनुक्रमे २६, १६ आणि ९ टक्के होतात. यंत्रावर दिसणारा आकडा तोच असूनही विमानाने त्रस्त होणारे लोक रेल्वेने त्रस्त होणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहेत. आपला नियम मात्र आवाज कशाचा आहे हे न विचारता एकाच मर्यादेने सगळ्यांना मोजतो.

प्रत्यक्ष अंदाज काढताना आधी वाहनांची संख्या, वेग, इमारतींची उंची, जमिनीचे चढउतार यांवरून ध्वनिनकाशा काढतात, प्रत्येक इमारतीच्या सर्वाधिक आवाजाच्या दर्शनी बाजूला चार मीटर उंचीवर पातळी काढतात, त्या इमारतीतली माणसे त्या पातळीला नोंदवतात आणि मग सूत्राने प्रमाण काढतात. रस्त्यालगतच्या ६५ डेसिबलच्या पट्ट्यात हजार माणसे राहत असतील तर त्यांतली सुमारे १६० तीव्र त्रासात आहेत, एवढे सरळ हे गणित आहे. दोन स्रोत एकत्र आले की मात्र नुसती डेसिबलची बेरीज चालत नाही. समजा, एका सोसायटीसमोर रेल्वेचा आवाज ६५ आणि रस्त्याचा ५८ आहे. डेसिबलच्या मापात दोन सारखे आवाज मिळूनही आकडा तीननेच वाढतो, म्हणून यंत्र दोन्ही मिळून जेमतेम ६६ दाखवील आणि ती संख्या रस्त्याच्या सूत्रात घातली तर १७-१८ टक्के लोक त्रस्त निघतील. परंतु वरच्या सूत्रांप्रमाणे ६५ डेसिबलची रेल्वे जेवढा त्रास देते तेवढाच त्रास रस्ता ५८ डेसिबललाच देतो. म्हणून आधी रेल्वेला रस्त्याच्या भाषेत आणायचे, मग ५८ आणि ५८ मिळवून ६१ धरायचे आणि त्यावरून प्रमाण काढायचे. ते ढोबळमानाने ११ टक्के येते. माणसांना काय जाणवते याच्या अंगाने बेरीज करण्याची ही पद्धत मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तरीही या आलेखरेषा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २० विमानतळांभोवती दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०२१ च्या जानेवारीत तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या रेषेप्रमाणे ६५ डेसिबलला सुमारे १२ टक्के लोक तीव्र त्रासात असायला हवे होते. नव्या पाहणीत हे प्रमाण ६० ते ७० टक्क्यांच्या घरात निघाले. ब्रिटनमध्ये १९८२ च्या पाहणीत जेवढा त्रास ५७ डेसिबलला दिसला होता, तेवढा २०१४ मध्ये ५४ लाच दिसू लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दहा टक्के लोकांना तीव्र त्रास ही एक कसोटी धरली होती. तिच्या आधारे रस्त्यासाठी ५३, रेल्वेसाठी ५४ आणि विमानांसाठी अवघे ४५ डेसिबल ही शिफारस पुढे आली. विमाने पूर्वीपेक्षा शांत झाली, पण त्यांची संख्या वाढली, आणि बहुधा लोकांच्या घराबद्दलच्या अपेक्षाही बदलल्या. एकदा काढलेला आलेख चाळीस वर्षे वापरत राहिलो तर आपण आजच्या माणसांचा त्रास कालच्या माणसांच्या उत्तरांवरून ठरवत असतो, ही गोष्ट या आकड्यांनी फार स्पष्टपणे दाखवून दिली.

फ्रँकफर्टचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या विमानतळाची नवी धावपट्टी ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली आणि संशोधकांनी त्याच परिसरातल्या लोकांना ती सुरू होण्यापूर्वी आणि नंतरही प्रश्न विचारले. धावपट्टी सुरू झाल्यावर त्याच पातळीला लोक आधीपेक्षा जास्त त्रस्त झालेले आढळले. शिवाय २०११ ची सुरुवातीची उत्तरेही त्याच भागातल्या २००५ च्या पाहणीपेक्षा वरचढ होती. वर्षानुवर्षे सोसलेल्या आवाजापेक्षा नव्याने लादलेला आवाज जास्त टोचतो, आणि तो येणार आहे या जाणिवेनेही माणूस आधीपासून अस्वस्थ होतो. डेसिबलच्या पातळीवरून माणसामाणसांतल्या त्रासाच्या फरकाचा फार तर एक तृतीयांश भाग समजतो, असे या विषयातले अभ्यासक सांगतात. उरलेल्यात आवाजाबद्दलची संवेदनशीलता येते, भीती येते, आवाज करणारी यंत्रणा आपले ऐकेल की नाही याचा विश्वास येतो आणि स्वार्थही येतो. नेदरलँड्समध्ये पवनचक्क्यांच्या शेजारी राहणाऱ्यांची पाहणी झाली तेव्हा, ज्यांना त्या चक्क्यांतून पैसे मिळत होते त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी त्रासाची तक्रार केली, जरी त्यांच्यातले बरेच जण चक्कीच्या सर्वांत जवळ राहत होते. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर चक्क्या पाहताना मला ही पाहणी हटकून आठवते.

यावरून कोणी म्हणेल की मग त्रास हा मनाचाच खेळ झाला, तो कशाला मोजायचा? मला हा युक्तिवाद मान्य नाही. त्रासात केवळ ध्वनी नसतो म्हणून तो खोटा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ध्वनीमुळे होणाऱ्या आरोग्यहानीचा हिशेब मांडला तेव्हा तीव्र त्रासाला ०.०२ एवढे अल्प वजन (० म्हणजे पूर्ण निरोगी, १ म्हणजे मृत्यूइतकी हानी) दिले होते; तरीही झोपमोड, हृदयविकार आणि इतर परिणाम धरून पश्चिम युरोपात दर वर्षी आरोग्यपूर्ण आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात असा निष्कर्ष निघाला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा झोपमोड आणि त्रास यांचाच होता.

कारखान्यांच्या बाबतीत ही रीत सर्वांत लंगडी पडते. युरोपीय संघाने २०२० मध्ये आपल्या निर्देशाला आरोग्यपरिणामांची सूत्रे जोडली, ती रस्ता, रेल्वे आणि विमान या तिघांपुरतीच आहेत. कारखान्यासाठी सूत्र नाही, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे: रस्ते बरेचसे एकमेकांसारखे असतात, कारखाने नसतात. एकाचा पंखा दिवसरात्र एकाच सुरात घोंघावतो, दुसऱ्याचा बॉयलर मधूनच वाफ सोडतो, तिसऱ्याचा ट्रक रात्री दोनला मागे येताना पीं-पीं करतो. मिडेमा आणि फोस यांनी २००४ मध्ये नेदरलँड्समधील अशा एका जागी स्थिर असलेल्या स्रोतांचा अभ्यास केला, तेव्हा रेल्वेचे डबे जोडण्या-तोडण्याच्या यार्डांनी त्याच पातळीला इतर उद्योगांपेक्षा जास्त त्रास दिल्याचे दिसले. डबा डब्यावर आदळण्याचा तो धडाका सरासरीत विरघळून जातो, माणसाच्या कानात मात्र विरघळत नाही.

हे मी एका औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत फार जवळून पाहिले आहे. तिथे पत्रा कापण्याच्या एका प्रेसबद्दल तक्रार होती. रात्री एका आजींच्या अंगणात तिपाईवर दीड मीटर उंचीवर यंत्र लावले, मायक्रोफोनवर वाऱ्यासाठीचा स्पंजचा गोळा चढवला, ९४ डेसिबलचा संदर्भ आवाज देऊन यंत्र तपासले आणि मोजणी सुरू केली. प्रेस थांबलेली असताना पातळी ३८ च्या आसपास राहत होती. साधारण दहा सेकंदांनी एक ठोका पडे, तेव्हा आकडा झटक्यात ६० वर जाई आणि लगेच खाली येई. रात्रीची सरासरी निघाली ४५ आणि ४६ च्या मध्ये, म्हणजे निवासी मर्यादेला जेमतेम टेकलेली. तक्त्यात हा आकडा अगदी निरुपद्रवी दिसतो. आजी मात्र म्हणाल्या, “आवाज मोठा नाही हो ताई. एक ठोका पडला की दुसरा कधी पडतोय याची वाट बघत पडून राहते, डोळाच लागत नाही.” आंतरराष्ट्रीय मानकात हातोडा, प्रेस, यार्डातले आदळणे अशा तीव्र आघाती आवाजांना सरासरीवर १२ डेसिबल अधिक धरायला सांगितले आहे. तसे केले तर त्या अंगणातली पातळी ५७-५८ होते, आणि त्यावर रात्रीचे १० आणखी चढवले तर आजींचे म्हणणे आणि यंत्राचे म्हणणे एक होते. ब्रिटिश मानक याहून वेगळ्या वाटेने जाते. ते कारखान्याच्या आवाजाची तुलना त्या ठिकाणच्या मूळ शांततेशी करते, आणि आघात किंवा सूर यांची भर घातल्यावर तो पार्श्वभूमीपेक्षा सुमारे दहा डेसिबलने वर असेल तर परिणाम गंभीर असण्याची शक्यता धरते. वस्ती शांत असेल तर लहान आवाजही मोठा ठरतो, हे त्यात आपोआप येते. आपल्या तक्त्यात या दोन्हींपैकी कशालाच जागा नाही, याची मला त्या रात्रीपासून सतत खंत वाटते.

आता प्रश्न असा की ही सूत्रे उचलून इथे वापरता येतील का. आपल्याकडे आवाजाची बाजू काही प्रमाणात उभी राहिली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात शहरांत सतत ध्वनिमापन करणारी ७० केंद्रे उभारली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर राज्यातल्या महापालिका शहरांचे ध्वनिमापन आणि नकाशे करण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, केले. म्हणजे कोणत्या चौकात किती डेसिबल आहेत, याची माहिती आहे. त्या नकाशावर लोकसंख्या ठेवून युरोपच्या सूत्राने त्रस्तांची संख्या काढणे संगणकाला काही मिनिटांचे काम आहे. पण ती संख्या खरी असेल असे मला वाटत नाही, आणि माझी कारणे तीन आहेत.

पहिले कारण हॉर्न. युरोपच्या रस्त्याचा आवाज म्हणजे मुख्यत्वे टायर आणि इंजिनाचा एकसंध ओघ. आपल्या चौकातला आवाज त्या ओघावर सतत फुटणाऱ्या हॉर्नचा असतो, आणि हॉर्न तर लक्ष वेधण्यासाठीच बनवलेला असतो. तेच ६५ डेसिबल इथे वेगळ्या जातीचे आहेत. दुसरे कारण खिडकी. सूत्रातली पातळी घराबाहेरची असते आणि त्यामागची उत्तरे मात्र बहुतांशी दुहेरी काचेच्या बंद खिडक्यांआड राहणाऱ्यांची असतात. बंद खिडकी २५-३० डेसिबल सहज अडवते; उघडी खिडकी दहा ते पंधराच. ठाण्याच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात खिडकी बंद करायला सांगणे म्हणजे त्रासाच्या जागी दुसरा त्रास देणे. तिसरे कारण घराची रचना. स्वीडनमधल्या अभ्यासांत असे दिसले की घराला एक शांत बाजू असेल तर त्रास जवळजवळ ५ डेसिबल कमी झाल्याइतका उतरतो. वाड्याला परसदार असे आणि झोपायची खोली मागच्या अंगाला असे. आज महामार्गाला तोंड करून उभ्या राहणाऱ्या इमारतींत अनेक घरांच्या सगळ्याच खिडक्या एका बाजूला असतात आणि त्यांना मागचे अंग उरलेलेच नसते. या तिन्ही गोष्टी त्रास वाढवणाऱ्या दिशेच्या आहेत. उलट बाजूने, लहानपणापासून गर्दीत वाढल्याने आपले लोक जास्त सहन करतात असेही पुष्कळदा ऐकू येते. ते खरे असेल किंवा नसेल. विचारल्याशिवाय ते गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि सल्लागाराला तर मुळीच नाही.

म्हणून आपल्या माणसांना आपण विचारायला हवे, आणि त्यासाठी एक उत्तम जागा आपल्यासमोर आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. उलवे, पनवेल आणि आसपासच्या गावांवरून पूर्वी नसलेली विमाने आता जाऊ लागली आहेत आणि त्यांची संख्या वर्षागणिक वाढत जाणार आहे. फ्रँकफर्टला जे विचारले गेले ते इथे आजच विचारले आणि दर वर्षी त्याच घरांत पुन्हा विचारले, तर भारतीय परिस्थितीतली आलेखरेषा हळूहळू तयार होईल. तुलनेसाठी घाटकोपर-कुर्ल्यासारखा, विमानांची दीर्घकाळ सवय झालेला भागही हाताशी आहे.

अशी पाहणी करताना काही पथ्ये पाळावी लागतात. ती ध्वनिप्रदूषणाची पाहणी आहे असे दारात सांगितले की ज्यांना राग आहे तेच उत्साहाने बोलतात, म्हणून अमेरिकेच्या पाहणीत परिसराबद्दलच्या अनेक प्रश्नांत विमानाच्या आवाजाचा प्रश्न सहजपणे ठेवला होता. तसेच इथेही पाणी, कचरा, दिवाबत्ती, डास यांच्याबरोबर आवाज विचारावा. घरे तक्रारवहीतून न निवडता चिठ्ठ्या टाकून निवडावीत, आणि शांत समजल्या जाणाऱ्या गल्ल्याही त्यात घ्याव्यात, कारण रेषेचा खालचा भाग त्यांच्यावरच ठरतो. दार उघडणाऱ्या पुरुषाने सगळ्या घराच्या वतीने उत्तर देऊ नये. दिवसभर घरात असणाऱ्या बाई, रात्रपाळी करून सकाळी झोपणारा मुलगा, अंथरुणाला खिळलेले आजोबा यांची उत्तरे वेगवेगळी घ्यावीत. खिडकी कोणत्या बाजूला आहे, ती रात्री उघडी असते का, झोपायची खोली कुठे आहे, हे तीन प्रश्न पुढे जोडावेत आणि ज्या घरात उत्तर घेतले त्याच घराची पातळी काढावी, जवळच्या चौकाची नव्हे. मोजणीचे यंत्र, नकाशा करणारी संगणकप्रणाली आणि ती चालवणारी माणसे राज्यात आहेत. त्यांच्या जोडीला छापील प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणारे प्रशिक्षित विद्यार्थी लागतील, आणि समाजशास्त्राचे विभाग असलेल्या महाविद्यालयांना हे काम एका सत्रात करता येण्यासारखे आहे.